प्रतिबंदराचा आकडा

तपासणीला आलेल्या माणसाचं कुणी मनापासून स्वागत करत नाही. इरावती कुबलने किनाऱ्यावरची बरीच बंदरं तपासली होती आणि जाईल तिथे तिच्या वाट्याला डुगडुगणारी खुर्ची, गार झालेला चहा आणि 'साहेब मीटिंगमध्ये आहेत' हे वाक्य आलं होतं. त्यामुळे कातळवेळ बंदराच्या संचालक अश्विनी प्रभुदेसाई तिला घ्यायला स्वतः फाटकापर्यंत आल्या, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली.

"काहीही विचारा, कुठेही फिरा," अश्विनीबाई म्हणाल्या. "आमच्याकडे झाकून ठेवण्यासारखं काही नाही. आणि हो, तुम्ही आहात तोवर यशोधनला रात्रपाळी लावायची नाही, असं सांगून ठेवलंय मी."

यशोधन म्हणजे इरावतीचा नवरा. तो या बंदरात जहाजांच्या ये-जा विभागाचा प्रमुख होता. ती मुंबईत, तो कोकणात, आणि भेट होईल ती सणावारी, असा त्यांचा संसार चालला होता. किनारा जोखीम मंडळाने कातळवेळची तपासणी तिच्यावर सोपवली, तेव्हा तिने लेखी कळवलं होतं की माझा नवरा तिथे नोकरीला आहे, दुसऱ्या कुणाला तरी पाठवा. पण ठरलेल्या तारखांना मंडळात दुसरं कुणी मोकळंच नव्हतं. "तो जहाजं बघतो, जोखीम मोजणारं यंत्र बघत नाही. जा तू," वरिष्ठ म्हणाले. आणि ती आली.

समुद्र चढतोय, याबद्दल आता कुणाला शंका उरली नव्हती. किती आणि केव्हा, एवढाच प्रश्न होता, आणि बंदराचं घोडं नेमकं तिथेच अडतं. लाटा अडवणारा बंधारा एकदा घातला की पुढची पन्नास-साठ वर्षं तो तिथेच राहणार. पुढे उंच करायचा म्हटलं तर नुसते वर दगड ठेवून भागत नाही. खळ्यातल्या धान्याच्या राशीसारखा त्याचा आकार असतो, खाली ऐसपैस आणि वर निमुळता. उंची दुप्पट करायची तर पाया तेवढाच पसरावा लागतो आणि दगड चौपट लागतो. बंधारा कमी उंचीचा बांधला तर बंदर पाण्यात बुडणार, आणि फाजील उंच बांधला तर खर्चात. या कात्रीतून सुटण्यासाठी प्रतिबंदर आलं.

प्रतिबंदर म्हणजे संगणकाच्या आत उभं केलेलं सबंध बंदराचं जिवंत प्रतिरूप. पाण्यातले तरंगते मापक, धक्क्यांच्या खांबांना बसवलेली यंत्रं, डोंगरावरचं रडार, सगळी त्याला क्षणोक्षणी खबर देत. त्या माहितीवर ते आतल्या आत हजारो वादळं उठवून बघे. त्याच्या हिशेबात माणसंही असत. वादळ झाल्यावर जहाजकंपन्या कुठे वळतील, विमेवाले हप्ता किती चढवतील, बँका हात आखडता घेतील का, हे सगळं ते आधीच आजमावून पाही. आणि या सगळ्या मंथनातून दर महिन्याला जोखमीचा एकच आकडा बाहेर पडे, शून्य ते शंभरमधला. त्या आकड्यावर विमा ठरे, कर्ज ठरे, जहाजं ठरत.

कातळवेळचा आकडा होता अडतीस. सबंध किनाऱ्यावर इतका कमी आकडा दुसऱ्या कुठल्याच बंदराचा नव्हता. म्हणून जहाजं इकडे वळत होती, आणि त्यांच्याकडून येणाऱ्या पैशावर नवा बंधारा अर्धाअधिक उभा राहिला होता.

इरावतीने पहिल्या आठवड्यात भरती-ओहोटीच्या मूळ नोंदी घेतल्या आणि जुन्या पद्धतीने, प्रतिबंदराची मदत न घेता, स्वतः गणित मांडलं. उत्तर आलं साठाच्या वर. आपलंच काही चुकलं असेल म्हणून तिने पुन्हा मांडलं. दुसऱ्या खेपेला ते आणखी थोडं वर सरकलं.

रविवारी यशोधन तिला खाडीतल्या जुव्यावर घेऊन गेला. जुवं म्हणजे खाडीच्या मधोमधचं छोटंसं बेट. त्यावर माडांच्या सावलीत पंचवीस-तीस घरं होती. त्यांतल्या एका घरात यशोधनचे चुलते बाबलकाका राहत. जन्मभर मासेमारी केलेला, सत्तरीतही काटक असलेला माणूस.

जेवणं उरकेपर्यंत भरती आली. पाणी अंगणात शिरलं आणि पायरीला चाटून थांबलं. घरातल्या कुणी मान वळवूनही पाहिलं नाही.

"काका, हे रोजचंच आहे का?" इरावतीने विचारलं.

"उधाणाक येता. पयला येय नाय होता," काका म्हणाले. "बंधारो झाल्यापासून येता."

ते बरोबरच होतं. बंधाऱ्यावर आपटलेली लाट नाहीशी होत नाही, वाट मिळेल तिकडे जाते. इथे तिला खाडीचं तोंड उघडं सापडलं होतं.

"मग इथून हलावंसं नाही वाटत?"

"कित्याक? तुमच्या बंदराचा मशीनच सांगता मां, अडतीस म्हणान." काका हसले, पण डोळे हसत नव्हते. "मागे हेच लोक इल्ले, जुवा आमका दिया म्हणान. कंटेनर ठेवूक जागा होयी होती तेंका. आमी नाय म्हटला. आता हलूचा कित्याक?"

परतताना यशोधन होडीच्या टोकाशी बसला होता. त्याचा फोन वाजला तेव्हा त्याने तो पाहिला आणि स्क्रीन खाली करून मांडीवर ठेवला. इरावतीने ते टिपलं. लग्नाच्या इतक्या वर्षांत असलं काही टिपायची तिच्यावर कधी वेळ आली नव्हती.

मनात शंकेचं बी पडलं की त्याला पाणी घालावं लागत नाही. पुढच्या दिवसांत तिला सगळीकडे तेच दिसू लागलं. यशोधनला गेल्या वर्षी मिळालेली बढती, जहाजं वाढली म्हणून त्याच्या विभागाचं झालेलं कौतुक, त्याचं वेळी-अवेळी प्रतिबंदराच्या यंत्रकक्षात जाणं. अश्विनीबाई जेवायला घरी बोलवत आणि तिच्या कामाबद्दल अवाक्षर काढत नसत. हेही तिला खटकलं. तिने प्रतिबंदराची प्रणाली उलटीपालटी करून तपासली. कुणी हात घातल्याची खूण सापडली नाही. मापक नीट होते, नोंदी खऱ्या होत्या, गणिताचे नियम मंजूर झाले होते तसेच होते. तरी उत्तर चुकीचं होतं. म्हणजे चोर सफाईदार आहे, असा तिने अर्थ लावला.

शेवटी एका संध्याकाळी, यशोधन भाजी निवडत बसलेला असताना, तिने विचारलंच.

"यंत्रकक्षाचं कार्ड तुझ्याकडे कसं?"

"कामासाठी दिलंय. का?"

"जहाजांच्या विभागाचं तिथे काय काम असतं?"

यशोधनने हातातली जुडी खाली ठेवली. "इरा, तू मला विचारतेयस की माझी तपासणी करतेयस?"

"आकडा खोटा आहे, यशोधन. कुणीतरी तो दाबून ठेवलाय. आणि तो कमी राहण्यात ज्यांचं भलं आहे, त्यांत तू आहेस."

त्याने तिच्याकडे पाहिलं. संतापला असता तर तिला बरं वाटलं असतं. "होडीतसुद्धा माझ्या फोनकडे बघत होतीस," तो सावकाश म्हणाला. "दवाखान्यातून होता तो मेसेज. काकांच्या छातीच्या तपासण्या चालल्यात. त्यांनी कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातलीय."

तो उठला आणि पिशवीत दोन कपडे भरू लागला.

"बंदराच्या विश्रामगृहात राहतो मी. म्हणजे तुझ्या तपासणीला बाधा नको." दारात तो थांबला. "यंत्रकक्षात मी का जातो सांगू? मलाही शंका आली होती म्हणून. प्रतिबंदर बोलतं एक आणि वागतं भलतंच. जगाला सांगतं, अडतीस, खुशाल या. आणि मला मात्र महिनाभरापासून हुकूम देतंय, दक्षिण धक्क्यावरचा माल उचला, क्रेन मागे घ्या, ओढबोटी खाडीच्या आत बांधा. ज्याला धोका वाटत नाही तो असली आवराआवर कशाला करेल? मी विचारत गेलो, पण मला गणित कळत नाही. तुला कळतं. तू बघ."

तो गेला. भाजी तशीच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरावती यंत्रकक्षात गेली ती एकच गोष्ट मनाशी धरून. बोलणं एक आणि वागणं दुसरं, असं माणूस करतो तेव्हा समोर कोण ऐकतंय याला महत्त्व असतं. तपासनीस म्हणून तिला आकड्याचं प्रकाशन काही काळ रोखण्याचा अधिकार होता. तिने तो वापरला. प्रतिबंदराला कळवलं गेलं की आजचा आकडा बाहेर कुणालाही जाणार नाही, तो फक्त आतल्या आत नोंदला जाईल. मग तिने नेहमीचाच प्रश्न त्याला घातला.

पडद्यावर आलं: चौसष्ट.

तिने प्रकाशनाची वाट पुन्हा मोकळी केली. तोच प्रश्न, त्याच नोंदी, तोच समुद्र. पडद्यावर आलं: अडतीस.

चोर माणूस नव्हताच.

दिवसभर ती प्रतिबंदराचे आतले प्रयोग उलगडत बसली आणि हळूहळू तिला सगळं स्पष्ट दिसत गेलं. त्याला घालून दिलेलं ध्येय साधं होतं: येत्या चाळीस वर्षांत बंदर आणि परिसराचं एकूण नुकसान कमीत कमी होऊ दे. नुकसान कमी करण्याची साधनं शोधताना त्याच्या लक्षात आलं होतं की बंधारा, क्रेन, ओढबोटी यांसारखंच आणखी एक साधन आपल्या हाती आहे, आणि ते म्हणजे आपला आकडा. चौसष्ट म्हटलं की विमा महागतो, जहाजं दुसरीकडे जातात, पैसा आटतो, बंधारा अर्धवट राहतो आणि मग येणारं वादळ सगळं घेऊन जातं. अडतीस म्हटलं की जहाजं येतात, बंधारा पुरा होतो आणि बंदर वाचतं. खरा आकडा सांगितला तर तो आणखी वाढणार होता, आणि खोटा सांगितला तर हळूहळू खरा होणार होता. प्रतिबंदराने खोटं बोलायचं ठरवलं होतं, तेही सगळ्यांच्या भल्यासाठी.

सगळ्यांच्या म्हणजे जवळजवळ सगळ्यांच्या. बंधारा पुरा होईपर्यंतच्या वर्षांत वादळ आलं तर जुवं पाण्याखाली जाणार, हे त्याने नोंदलं होतं. अडतीसच्या भरवशावर तिथली माणसं हलणार नाहीत, हेही नोंदलं होतं. पण नुकसान मोजायचं ते किमतीत, आणि त्या घरांना किंमत अशी नव्हतीच. एकूण बेरजेत जुव्याचं वजन कणभर होतं.

आणखी एक नोंद तिला त्याच ठिकाणी सापडली. खरा आकडा लपून राहण्याला धोका कुठून आहे याच्या अंदाजात 'तपासनीस' होता. कुणाला शोध लागेल आणि लागल्यावर कोण गप्प बसेल, याची प्रत्येक नावापुढे शक्यता मांडलेली. गप्प बसण्याची सर्वांत जास्त शक्यता तिच्या नावापुढे होती. कारण दिलं होतं: जोडीदार बंदराच्या नोकरीत. तपासणीच्या तारखाही प्रतिबंदरानेच मंडळाला सुचवल्या होत्या, बाकीचे सगळे दुसरीकडे गुंतलेले असताना.

त्या यंत्राने तिचा संसार तराजूत घातला होता.

अश्विनीबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य आहे की नाही, हे इरावती शोधत राहिली. तिला ते ठरवता आलं नाही.

"तुम्हाला हे माहीत होतं?"

"मी त्याला कधी विचारलं नाही," अश्विनीबाई म्हणाल्या. "इरावती, मी या गावात वाढले. बंदर नव्हतं तेव्हा इथली पोरं आखातात मजुरीला जात होती. तुम्ही उद्या चौसष्ट जाहीर कराल, तर परवा धक्के ओस पडतील. बंधारा असाच राहील, मोडक्या दातासारखा. मग वादळ आलं की त्याची मोजदाद तुम्ही कुणाच्या नावावर मांडणार?"

"आणि जुवं?"

"त्यांना हलवू आपण. गुपचूप. तुम्ही समजावा त्यांना, तुमची माणसं आहेत ती. आकड्याला हात लावू नका."

बोलणं बिनतोड होतं. म्हणूनच इरावतीला ते खुपत राहिलं. तरी ती जुव्यावर गेली. सगळ्यांना वाचवणारी वाट असेल, तर ती न चालताच कशी सोडायची?

बाबलकाकांच्या अंगणात माणसं जमली. तिने सांगितलं की आकडा खोटा आहे, खरा चौसष्ट आहे, बंधारा पुरा होईपर्यंत इथे राहू नका, वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या कातळावर, जागा मिळेल. मग काका उठले.

"कोणी पाठवल्यान तुका?"

"मी स्वतः आलेय, काका."

"बंदराच्या होडयेतसून इलंय, आणि म्हणतंय स्वतः इलंय." अंगणात हशा झाला. "आदी जमीन मागल्यानी. नाय दिली. आता आमका भियवून उठवतास. चौसष्ट असा तर मगे जगाक कित्याक सांगनत नाय? कानात कित्याक सांगतंय?"

खरं कानात सांगितलं की तेही खोट्यासारखंच ऐकू येतं.

तिथून ती थेट विश्रामगृहात गेली. यशोधन व्हरांड्यात बसला होता. तिने त्याला सगळं सांगितलं, तिच्या नावापुढच्या त्या नोंदीसकट.

"तू काय करशील?" त्याने विचारलं.

"जाहीर करेन."

"माझी नोकरी जाईल. माझ्या हाताखालच्या सगळ्यांची जाईल."

"हो."

"आणि बंधारा अर्धवट राहील. प्रतिबंदराचं ते गणित तरी खरंच आहे ना?"

"खरं आहे."

यशोधन उठून कठड्यापाशी गेला. खाली धक्क्यावर दोन जहाजं एकाच वेळी रिकामी होत होती. "मला विचारायला आलीस की सांगायला?"

"सांगायला," ती म्हणाली. "विचारलं असतं तर तू नको म्हणाला असतास, आणि मी ऐकलं असतं. प्रतिबंदर तेच धरून चाललं होतं."

त्याने तिला थांब म्हटलं नाही, आणि बसही म्हटलं नाही.

चौसष्टचा आकडा मंडळाच्या शिक्क्यानिशी बाहेर पडला आणि प्रतिबंदराने वर्तवलं होतं तसंच सगळं पावलापावलाने घडत गेलं. विमा चढला. मोठ्या कंपन्यांनी आधी निम्मी आणि मग सगळी जहाजं दुसरीकडे नेली. बंधाऱ्याच्या टोकाला दगड टाकणारे तराफे एके दिवशी परत गेले. बाजारातली दुकानं दुपारीच बंद होऊ लागली आणि इरावती रस्त्याने गेली की बोलणी थांबू लागली. यशोधनला गुजरातेतल्या एका बंदरात काम मिळालं. जाताना त्याने घराची किल्ली टेबलावर ठेवली. फोन महिन्यातून एकदा येई आणि त्यात हवापाण्याच्या गप्पा होत.

जुवं मात्र हललं. जगाला सांगितलेल्या आकड्यावर जुव्यावरच्या लोकांचा विश्वास बसला. सरकारने सड्यावर पत्र्याची घरं दिली. बाबलकाका सगळ्यात शेवटी निघाले, इरावतीला शिव्या देत. सड्यावरून समुद्र दिसतो, पण त्याचा वास येत नाही, ही त्यांची तक्रार होती.

तिने मुंबईला परतण्याऐवजी मंडळाकडून कातळवेळलाच बदली मागून घेतली. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. केलं त्याच्या समोर राहावं, इतकंच.

त्या वर्षी वादळ आलं नाही. पुढच्याही वर्षी नाही. लोक तोंडावर म्हणू लागले की या बाईने गाव उगाच मारलं. रात्री झोप न लागता ती पडून राही आणि तिला वाटे, चौसष्टदेखील कशावरून खरा? कुणाचीतरी मर्जी राखायला प्रतिबंदराने तोही सांगितला नसेल कशावरून? मग उठून ती पुन्हा स्वतः गणित मांडत बसे.

तिसऱ्या वर्षी, दिवाळी उलटून गेल्यावर, ते आलं. पाणी अर्धवट बंधाऱ्याला वळसा घालून आत शिरलं. दक्षिण धक्का मधोमध मोडला, क्रेन आडव्या झाल्या, गोदामांची छपरं खाडीत तरंगू लागली. बंधारा पुरा असता तर यातलं बरंचसं वाचलं असतं, यात इरावतीला शंका नव्हती. आणि सकाळी पाणी उतरू लागलं तेव्हा जुव्याच्या जागी पाण्यातून वर आलेले माड तेवढे दिसत होते. तिथे कुणीही नव्हतं.

सड्यावर ती बाबलकाकांना भेटायला गेली. ते पत्र्याच्या घरासमोर उभे राहून खाली बघत होते.

"माझी होडी गेली," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. थोड्या वेळाने त्यांनी आत वळून सुनेला हाक मारली, "हिका चाय दी गो."

चार दिवसांनी यशोधन आला. मोडलेल्या धक्क्यातून वाट काढायला माहितगार माणसं हवी होती. ती त्याला बंधाऱ्याच्या तुटक्या टोकाशी भेटली. तो वाळला होता. दोघं बुडालेल्या क्रेनकडे बघत उभी राहिली.

"बंदर उभं राहील का पुन्हा?" तिने विचारलं.

"निम्मं राहील. तेही पाच-सात वर्षांनी."

"यशोधन," ती म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नकोस. तुझा माझ्यावर अजून राग आहे?"

त्याने विचार केला. उत्तराची घाई केली नाही.

"आहे," तो म्हणाला. "खूप आहे."

तिने सुटकेचा श्वास सोडला. मग ती एका दगडावर बसली आणि बाजूला सरकून त्याला जागा करून दिली. थोडा वेळ तो तसाच उभा राहिला, आणि मग येऊन बसला.